काचेतली काठवट

मी एक जुनी काठवट आहे. काठवट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लाजू नका, मित्रांनो. मला भिंतीवर टांगलेली बघून एका पाहुणीने "हा होडीचा तुकडा का?" असं विचारलेलं आहे. तर ऐका. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. एकाच ओंडक्यातून कोरलेली. मला जोड नाही, खिळा नाही, आणि लाज तर मुळीच नाही.

माझा बाप म्हणजे कल्याणच्या पलीकडचा एक फणस. तो एवढा थोरला होता की त्याचं एक फळ पिकून खाली पडलं की ठाण्याच्या खाडीला अवेळी भरती यायची, आणि मिठागरातली माणसं "आज तिथी चुकली वाटतं" म्हणत पळत सुटायची. खोटं वाटतंय? वाटू दे. तेव्हा तुम्ही नव्हता, मी होते. त्या फणसाची एक फांदी वादळात मोडली. तिच्यातून एका सुताराने मला कोरून काढलं. कोरताना मी एवढी ओरडले, एवढी ओरडले, की सुतार बिचारा बहिराच झाला. त्याची बायको मात्र म्हणायची, तो आधीपासूनच बहिरा होता. बायकांना काय, काहीही बोलतात.

मग बायजाचं लग्न ठरलं. तिच्या बापाने मला तिच्याबरोबर दिलं. माजिवड्याजवळच्या एका गावात ती नवरी होऊन आली. पुढे बायजा, मागे भावाच्या डोक्यावर मी. तिचा नवरा काळुराम पावसाळ्यात भातशेती करायचा आणि इतर दिवसांत मिठागरावर जायचा. बायजा भल्या सकाळी तांदळाच्या पिठाची उकड काढायची, वाफाळता गोळा माझ्यात टाकायची आणि पाण्यात हात बुडवून मळायची. चटके तिला बसायचे तसे मलाही बसायचे. पण ती मळता मळता धवले म्हणायची. धवले म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी. तिची आई गावोगाव लग्नांत धवले म्हणणारी धवलारीण होती, त्यामुळे बायजाच्या गळ्यात ते दुधाबरोबरच उतरलेले. गाणं तिच्या गळ्यातून मनगटात यायचं, मनगटातून पिठात, आणि पिठातून माझ्यात. मग दोन तळव्यांमध्ये भाकरी थापायची. कशी भाकरी! पुनवेला चंद्राला उशीर झाला की शेजारीपाजारी आधी आमच्या तव्यावर बघून जायचे.

अशी वर्षं गेली. भात पिकायचं तिथे एके दिवशी टॉवर उगवला. जमिनीच्या बदल्यात पैसे मिळाले, वर घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर मोठं घर मिळालं. बायजाचा मुलगा धनेश आईचा फार लाडका आणि आईवर फार जीव असलेला. घरात पाऊल टाकलं तेव्हाच त्याने जाहीर केलं, "आई, आयुष्यभर राबलीस. आता तू फक्त बसायचं. कशाला हात लावायचा नाही."

आणि मला? मला इंटिरियरवाल्याने बघितलं आणि टाळीच वाजवली. "साहेब, हा तर अँटिक पीस!" मला घासलं, पुसलं, आणि माझ्या अंगावर व्हार्निशचे थर चढवले. जीव गुदमरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. लाकूड श्वास घेतं, मित्रांनो. पाणी पितं, तेल पितं, पीठ खातं. माझं तोंडच बंद केलं. मग हॉलच्या भिंतीवर एक काचेची पेटी केली, मला तिच्यात उभं ठोकलं, आणि डोक्यावर पिवळा दिवा लावला. तो कधी विझायचाच नाही. येणारा प्रत्येक जण "वॉव" म्हणायचा. मी आयुष्यात एवढी स्तुती कधी ऐकली नव्हती, आणि एवढी उपाशीही कधी राहिले नव्हते.

समोरच्या खिडकीतून खाली रस्ता दिसायचा. गाड्यांची रांग अडकून पडलेली असायची. पण ती रांग संध्याकाळ उलटली की का होईना, हलायची. मी हलत नव्हते.

आता बायजाचं सांगते. चिखलात, खाडीकाठच्या खाजणात, ओल्या बांधावर जन्म गेला, कधी तिचा पाय घसरला नाही. ती घसरली ती न्हाणीघरातल्या इटालियन फरशीवर. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, निघालं. एक्स-रेच्या फोटोत हाड छान जुळलेलं दिसलं. पण दुखणं काही निघेना. हात सुजलेला, चकाकणारा, कधी निळा तर कधी लाल. मिरची चोळल्यासारखा आगीआग व्हायचा. पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळायची, पदराचा काठ लागला तरी दचकायची. बोटं हळूहळू आत वळायला लागली, जशी काही मुठीत एखादी चीज लपवलीय.

डॉक्टरांनी बजावलं, "हात वापरला नाही तर तो असाच मिटून राहील." पण वापरायचा कसा? हलवला की बायजा ओरडायची, आणि ती ओरडली की धनेश पांढराफटक पडायचा. मग त्याने एक मऊ झोळी आणली, हात तिच्यात घातला, आणि भरवायला एक बाई ठेवली. सकाळ-संध्याकाळ ती बाई चमच्याने बायजाला भरवायची. सून भावना बँकेत जाण्याआधी उशा नीट लावून जायची. सगळे प्रेमाने वागत होते, खोटं कशाला बोलू. पण सोफ्यावर बसलेली बायजा आणि तिच्या डोक्यावर टांगलेली मी, दोघींकडे मी खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबात बघायचे आणि वाटायचं, आमच्यातली शोपीस नेमकी कोणती?

नातेवाईक यायचे. "हाड जुळलंय ना? मग दुखतं कसं?" असं एकमेकींच्या कानात बोलायचे. बायजाला ऐकू जायचं. ती तोंड फिरवायची. धवले तर बंदच झाले होते.

एके दुपारी दारावरची बेल वाजली आणि कल्पिता आली. नौपाड्यातल्या दवाखान्यात काम करणारी, राहायला डोंबिवलीला, चष्मेवाली, खांद्यावर एवढी मोठी पिशवी. भावनानेच तिला शोधून आणलं होतं.

"मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट," ती म्हणाली.

काळुरामने सोफ्यावरूनच विचारलं, "म्हंजे? आमचे हिला नोकरी लावतंस का?"

"नाही हो काका," ती हसली. "हात नुसता हलवायचा नाही, तो रोजच्या कामाला परत लावायचा, ते माझं काम."

"कामाला?" धनेशच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, आमच्या आईला कामाची गरज नाय. घरात सगळ्याला माणसं आहेत."

कल्पिताने त्याला उत्तरच दिलं नाही. ती बायजासमोर खालीच मांडी घालून बसली. मला वाटलं, आता विचारेल, किती दुखतं? तो प्रश्न विचारून विचारून सगळ्यांनी झिजवून टाकला होता. पण तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला काय करायचंय?"

बायजा गप्प. भावनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर कल्पिताने हळूच हात वर केला. थांबली. खाली एक बस हॉर्न वाजवून वाजवून दमली, तरी ती थांबलेलीच. मग बायजाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

"मना एक भाकरी थापायची हाय," ती म्हणाली. "दोनी हातांनी. आन माज्या हातानी खायची हाय. चमच्यानी नाय."

मित्रांनो, मला डोळे असते तर त्या काचेच्या पेटीत पूर आला असता.

"आई, तो शोपीस आहे," धनेश म्हणाला.

"शोपीस तुजा बाप!"

"मना कनाला मधे आनतेस?" काळुराम म्हणाला, पण उठला मात्र तोच. पान्हा घेऊन आला, पेटीची काच काढली आणि मला खाली उतरवलं. दिवा विझला. काय सांगू, त्या काळोखाएवढं गोड मी काही चाखलं नव्हतं.

कल्पिताने माझ्यावरून बोट फिरवलं. "यावर तर व्हार्निश आहे. यात पीठ नाही मळता येणार." धनेश म्हणाला, नवीन आणू. बायजाचा चेहरा उतरला. तेव्हा कल्पिताच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "मावशी, आपणच काढू या का? पॉलिश पेपरने, थोडं थोडं. तोच तुमच्या हाताचा व्यायाम."

पण लगेच नाही. आधी बरेच दिवस ती नुसती हाताशी ओळख करून देत होती. कापसाचा बोळा, मग मऊ फडकं, मग टॉवेल, मग तांदळाच्या टोपलीत बोटं घालायची. बायजा पहिल्यांदा किंचाळली तेव्हा धनेश धावत आला. कल्पिता शांतपणे म्हणाली, "दादा, तुमच्या बिल्डिंगखाली गाडीवर मांजर चढली तरी अलार्म बोंबलतो ना? चोर असतो का दरवेळी? मावशींच्या हाताचा अलार्म तसा झालाय. आवाज खरा आहे, त्यांचं दुखणं अगदी खरं आहे. पण दरवेळी आत मोडतोड होतेय असं नाही. त्याला हळूहळू पटवायचं, की ही मांजर आहे."

"नाटक करत नाय ना मी?" बायजाने हळूच विचारलं.

"मुळीच नाही."

त्या दिवशी बायजा पहिल्यांदा पोट भरून रडली.

मग माझी पाळी आली. नाकाला रुमाल बांधून बायजा बाल्कनीत बसली, मी तिच्यापुढे. डाव्या हाताने मला धरलं, उजव्यात पॉलिश पेपर. पहिली घसट बसली. कातडं सोलणं म्हणजे काय ते मला विचारा! पण त्या सोलण्याखाली कुठेतरी गार हवा लागली. एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी जागा उघडी झाली, आणि मी श्वास घेतला. असा श्वास घेतला की बाल्कनीतली वाळत घातलेली सगळी धुणी माझ्याकडे ओढली गेली.

कल्पिता दरवेळी सांगायची, "दुखायच्या आधी थांबायचं. दुखल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो." पण घड्याळ बघत काम करणं बायजाला काही जमेना. म्हणून कल्पिताने एक युक्ती काढली. "तुम्ही गाता ना? मग असं करा, घासताना एक गाणं म्हणा. गाणं संपलं की हात खाली."

आणि इथेच घोटाळा झाला. डोंबिवलीच्या पोरीला वाटलं, गाणं म्हणजे रेडिओवर लागतं तेवढं. तिला कुठून ठाऊक, आमचे धवले एकदा लागले की नवरीला हळद लागते, मांडव सजतो, वऱ्हाड निघतं, देव येतात, देवांचे पाहुणे येतात, तरी ते चालूच असतात!

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात अडवायला कोणी नव्हतं. काळुराम आत घोरत होता. बायजाने मला घेतलं, पेपर घेतला, आणि किती दिवसांनी धवला सुरू केला. आधी आवाज फाटका होता, मग सुधारत गेला. हात चालायला लागला. नवरी मांडवात आली, माझी एक कड उघडी झाली. वऱ्हाड वेशीवर आलं, माझं अर्धं पोट उघडं झालं. मला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की थांब म्हणावंसं वाटेना. आणि म्हणावंसं वाटलं तेव्हा म्हणता येईना. तिचं मनगट फुगत होतं. बोटं लाल व्हायला लागली होती. मी फणसाच्या पोटची, एवढं बोलणारी, पण माणसाला ऐकू जाईल असा एक शब्द माझ्याकडे नाही. यासारखा कोंडवाडा दुसरा नाही, मित्रांनो. काचेची पेटी परवडली. बायजाला वाटलं, गाणं अर्धवट सोडलं तर अपशकुन. आणि पोरीनेच तर सांगितलंय, संपेपर्यंत. ती गात राहिली.

संध्याकाळी हात भोपळ्यासारखा सुजला. रात्रभर ती तळमळली, आणि सकाळी हात परत झोळीत गेला.

धनेशने कल्पिताला फोन लावला. आवाज चढवला नाही, हेच वाईट. "उद्यापासून नका येऊ. झालं तेवढं पुरे." मग त्याने मला उचललं आणि परत पेटीत ठेवलं. अर्धी सोललेली, अर्धी चकाकणारी. काच बसवली. दिवा लावला.

मित्रांनो, पहिल्यांदा कोंडलं होतं तेव्हा बाहेर काय आहे ते मी विसरून गेले होते. या वेळी अंगावर उघडी जागा होती, आणि तिला वारा लागत नव्हता. एकदा सुटून परत अडकणं फार वाईट. खाली सोफ्यावर बायजाही तशीच, भिंतीकडे तोंड करून.

पण मी बायजाला लहानपणापासून, म्हणजे माझ्या लहानपणापासून, ओळखते. हाताची सूज जराशी उतरल्यावर, एके दुपारी भरवणाऱ्या बाईने चमचा पुढे केला, तर बायजाने तोंड मिटून घेतलं. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. भावनाने विनवलं, काळुरामने दटावलं. शेवटी धनेश तिच्या पायाशी येऊन बसला.

"आई, काय चाललंय? खा ना."

"मी लेकरू हाय का? चमच्यानी खानार नाय."

"मग कसं खाणार? हात बघ तुझा."

"कल्पिताला बोलव."

"तिच्यामुळेच झालं ना हे!"

"तिना सांगितलेलं, दुखायच्या आधी थांब. मी नाय थांबले. धवल्याला शेवट नस्तो, ते तिला कोन सांगनार व्हता? मीच ना?"

धनेशने मान खाली घातली. "आई, तू ओरडतेस ना, मला बघवत नाय गं."

बायजाने त्याच्या केसांवरून डावा हात फिरवला. मग म्हणाली, "तुना बगवत नाय, तर तू तिकरं बग. हात माजा हाय."

भावना उठली, काळुरामकडचा पान्हा घेतला, आणि पेटीची काच तिनेच काढली.

कल्पिता आली ती कान पकडतच आली. "मावशी, चूक माझी. गाणं केवढं असतं ते मी आधी विचारायला हवं होतं." मग दोघींनी मिळून ठरवलं: एकच कडवं. नवरी मांडवाच्या दाराशी आली की तिला तिथेच उभी करायची. "उभी राहून तिचे पाय दुखतील," बायजा म्हणाली. "दुखू देत," कल्पिता म्हणाली, "तुमचा हात तरी दुखणार नाही." आणि माझी उरलेली पाठ धनेशने घासायची, असंही ठरलं. त्याला आधी ते काम बोचलं. टॉवरमधला माणूस, नखात भुसा! पण रविवारी बाल्कनीत बसून तो घासायला लागला, आणि आई शेजारून सांगत होती, "अरे रेषेरेषेनी घास, मेल्या, तिला गुदगुल्या व्हतात." खरंच होत होत्या. तिला कसं कळलं कोण जाणे!

वेळ लागला. मधे वाईट दिवसही आले, नुसतं तांदळात हात घालून बसण्याचे. दुखणं गेलं नाही, मित्रांनो, हे मी सरळ सांगते. फणसाबद्दल मी थोडं वाढवून बोलले असेन, पण याबद्दल नाही. दुखणं आहे. फक्त आता ते घराचा मालक नाही, भाडेकरू आहे.

सगळं व्हार्निश निघालं. मला धुतलं, सावलीत वाळवलं, खोबरेल तेल चोळलं. मी एवढं तेल प्यायले की कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ महागले. आणि मग एका सकाळी भावनाने उकड काढली, गोळा माझ्यात टाकला. ती ऊब अंगाला लागली.

सगळे जमले. कल्पिता, काळुराम, धनेश दाराच्या चौकटीला टेकून. तो तिकडे बघत नव्हता, इकडेच बघत होता. बायजाने झोळी आधीच काढून ठेवली होती. पाण्यात हात बुडवले, दोन्ही. मळायला लागली. उजवा हात आधी नुसता सोबत होता, डावाच जोर लावत होता. मग उजव्याने थोडं दाबलं. तिने ओठ चावला, थांबली, श्वास घेतला, परत दाबलं. एक छोटा गोळा घेतला, तळव्यांमध्ये धरला आणि थापायला लागली. हळू. मिटलेली बोटं पुरती उघडली नाहीत, म्हणून भाकरीला एका बाजूने कोपरा आला. चंद्र नव्हता तो. फार तर ठाणे जिल्ह्याचा नकाशा म्हणा. पण तव्यावर पडली, आणि फुगली.

काळुरामने टाळी वाजवली. आणि मग गंमत झाली. ज्या घराने तिला इतके दिवस हात हलवू दिला नव्हता, तेच घर ओरडायला लागलं. धनेश तर सगळ्यांत मोठ्याने, "आई, आणखी एक! आई, जमतंय, अजून एक!"

माझ्यात अजून पीठ होतं. तिच्या बोटांत अजून जोर होता, मला कळत होतं. ती सुरसुरी मला ठाऊक होती, त्या दिवशीसारखीच. मी घाबरून गेले. बायजाने पिठाकडे बघितलं, हाताकडे बघितलं, लेकाकडे बघितलं.

"बास," ती म्हणाली. "आज एवरंच."

आणि हात पाण्यात धुऊन पाटावर बसली. कल्पिताने चष्मा काढून पुसला. उरलेलं पीठ धनेशच्या पुढे आलं, त्याच्या भाकऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही, तोही माझा नातेवाईकच. बायजाने आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, उजव्या हाताने, कालवणात बुडवला, तोंडापर्यंत नेताना निम्मं कालवण लुगड्यावर सांडलं, आणि खाल्लं. कोणी पुसायला धावलं नाही. एवढं शिकलं होतं घर.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचं अंग दुखत असेल, तर त्याला उशी द्या, औषध द्या, त्याच्याजवळ बसा. पण मायेच्या नावाखाली त्याला काचेत ठेवून वर दिवा लावू नका. तुला काय करायचंय, एवढं विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर मधे बोलू नका. तो करील तेव्हा त्याला अडवू नका, आणि तो थांबेल तेव्हा त्याला ढकलू नका.

आता भावनाने मला धुऊन बाल्कनीत उभी करून ठेवलंय. उद्या बायजा भाकरी करील, किंवा नाही करणार. ते तिचं ती ठरवील.